तिजोरीतले परके नाणे

सराफ, पोतदार, नाणावटी, पारख, पारेख. आपल्या समाजाच्या आणि शेजारच्या व्यापारी समाजांच्या आडनावांची यादी नुसती चाळली, तरी नाणे पारखणे हा एके काळी केवढा प्रतिष्ठेचा व्यवसाय होता, हे ध्यानात येते. टाकसाळीतून येणारे प्रत्येक नाणे वेगळ्या वजनाचे व वेगळ्या कसाचे असे, त्या काळी बाजारपेठेत पारखी असल्यावाचून व्यवहार पुरा होत नसे. कोणत्या रुपयाला किती बट्टा, हे तोच सांगत असे. आज ती आडनावे उरली, विद्या मात्र गेली. घरातील तिजोरीत एखादे अनोळखी पांढरे नाणे सापडले, की पारखांचे वंशजही ते खिशात घालून कोणाला तरी विचारावयास निघतात, आणि ज्याला विचारावे तो आपापल्या सोयीचे उत्तर देतो.

या वेळचा विषय निघण्यास एका वाचक भगिनीचे पत्र कारण झाले. सासऱ्यांच्या निधनानंतर घरातील चीजवस्तूंची वाटणी चालू असता लक्ष्मीपूजनाच्या डब्यात त्यांना तीन मोठी, जाड नाणी मिळाली. एका बाजूस डोक्यावरून पदर घेतल्यासारखी, भरदार बांध्याची एक पाश्चात्त्य स्त्री. दुसऱ्या बाजूस दोन तोंडांचा गरुड आणि १७८० हे साल. तिघांपैकी एका नाण्यास कडी जोडलेली. आजेसासरे तरुणपणी एडनच्या पेढीवर होते, एवढीच माहिती घरात शिल्लक होती. एका सराफाने नाणी हातात घेऊन, ‘हे जर्मन सिल्व्हर आहे, मोडीत द्या,’ असे सांगितले. नात्यातील एका तरुणाने मोबाइलवर पाहून, ‘१७८० चे आहे, लाखाच्या खाली देऊ नका,’ असा सल्ला दिला. दोघे भाऊ, तीन नाणी, आणि किमतीचे दोन आकडे, ज्यांत जमीनअस्मानाचे अंतर. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, ‘पैशाचे फार नाही, पण जावाजावांत बोलणे बंद व्हायची वेळ आली आहे.’

माझे चाळीस वर्षांचे बँकेतील आयुष्य तारण पाहण्यात गेले. त्यामुळे असल्या प्रश्नात मला प्रथम एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे एका प्रश्नाचे दोन प्रश्न करणे. हे नाणे चांदीचे आहे काय, हा एक प्रश्न. आणि हे नाणे म्हणून अस्सल व जुने आहे काय, हा दुसरा. सराफ पहिल्या प्रश्नाचे (चुकीचे) उत्तर देत होता, तो तरुण दुसऱ्याचे. दोघांचे उत्तर बरोबर नव्हते, आणि गंमत अशी की, या विशिष्ट नाण्याच्या बाबतीत हे दोन प्रश्न जितके परस्परांपासून दूर जातात, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या नाण्याच्या बाबतीत जात असतील.

ती स्त्री म्हणजे ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा. १७४० ते १७८० अशी चाळीस वर्षे तिने ऑस्ट्रिया, हंगेरी व बोहेमियावर राज्य केले. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत जिचा शिरच्छेद झाला, त्या मारी आंत्वानेतची ही आई. तिच्या मुद्रेचे हे चांदीचे नाणे ‘थालर’ या नावाने ओळखले जाते. डॉलर हा शब्दही याच थालरवरून आला. तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, म्हणजे येमेन, अरबस्तान व इथिओपियात, या नाण्यावर लोकांचा असा विश्वास बसला की, महाराणीच्या मृत्यूनंतरही व्यापाऱ्यांना दुसरे नाणे कोणी घेईना. म्हणून ऑस्ट्रियाने १७८० हेच साल गोठवून तेच नाणे पाडणे चालू ठेवले. इथिओपियाच्या आजच्या चलनाचे नाव ‘बिर’. त्या शब्दाचा मूळ अर्थच चांदी.

आपल्याकडे या गोष्टीचे आश्चर्य वाटू नये. राणी छाप रुपयांत १८६२ साल छापलेला रुपया सर्वांत जास्त आढळतो, तो त्या एका वर्षी पुष्कळ पाडले म्हणून नव्हे. १८७४ पर्यंत टाकसाळीने तेच साल कायम ठेवले म्हणून. नाण्यावरील साल म्हणजे नाण्याची जन्मतारीख, ही आपली समजूत साफ चूक आहे. थालरच्या बाबतीत तर ही चूक दोन शतकांची होऊ शकते, कारण व्हिएन्नाची टाकसाळ हे १७८० सालचे नाणे आजही पाडते.

आणि यात मुंबईचाही हात आहे. १९३५ मध्ये, इथिओपियावर स्वारी करण्याच्या तयारीत असलेल्या मुसोलिनीच्या इटलीने ऑस्ट्रियाकडून हे नाणे पाडण्याचा हक्क पंचवीस वर्षांच्या करारावर मिळविला. त्या भागात व्यापार करणाऱ्या इतर राष्ट्रांचे त्यामुळे अडले. मग लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स येथील टाकसाळींनी आपापले साचे करून तीच महाराणी, तेच साल छापण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला पूर्व आफ्रिकेत खर्चासाठी हे नाणे हवे होते, तेव्हा १९४० च्या सुमारास आपल्या मुंबईच्या टाकसाळीतूनही त्याचे मोठे उत्पादन झाले. म्हणजे फोर्ट भागात जन्मलेली, ऑस्ट्रियाच्या राणीची, १७८० सालची, इथिओपियासाठीची नाणी! एडन तर १८३९ पासून कित्येक दशके मुंबई सरकारच्याच कारभाराखाली होते व तेथे आपला रुपया चालत असे. पण येमेनच्या आतल्या मुलखात कॉफी खरेदी करावयाची, तर थालरच मोजावे लागत. एडनच्या पेढीवरून परतलेल्या माणसाच्या गाठोड्यात ती निघाली, यात नवल ते काय?

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी त्या भगिनींना लगेच कळविले. नाणे १७८० मध्ये पाडलेले असण्याचा संभव अगदी थोडा. ते कोणत्या टाकसाळीचे व कोणत्या दशकातील, हे महाराणीच्या छातीवरील पदकातील बारीक फरक, गरुडाच्या शेपटीच्या पिसांची ठेवण, कडेवरील अक्षरांमधील नक्षी, यांवरून जाणकार सांगतात. काही प्रकार दुर्मिळ असून त्यांना संग्राहक जास्त किंमत देतात. परंतु बहुतेक थालरांची किंमत त्यांतील चांदीच्या जवळपासच असते. लाखाची स्वप्ने पाहण्याचे कारण नाही. उरला पहिला प्रश्न, आणि तो घरच्या घरी सुटण्यासारखा आहे.

घरोघर प्रथम आठवते ती लोहचुंबकाची परीक्षा. चुंबकास नाणे चिकटले, तर ते चांदीचे नाही, हे खरे. पण न चिकटल्यास काहीच सिद्ध होत नाही. तांबे, पितळ, शिसे, जस्त, जर्मन सिल्व्हर, यांतील कोणतीच धातू चुंबकास चिकटत नाही. ही परीक्षा एका ठिकाणी मात्र फार उपयोगी आहे. १९४७ सालचा, सहाव्या जॉर्जचा, मागे वाघ असलेला रुपया पुष्कळ घरांत चांदीचा म्हणून पूजेत असतो. तो शुद्ध निकेलचा आहे. वजन जुन्या चांदीच्या रुपयाएवढेच, म्हणजे एक तोळा, चकाकीही सुरेख. पण चुंबक टेकविताच उचलला जातो. १९४६ व १९४७ च्या अधेल्या-पावल्याही तशाच.

जर्मन सिल्व्हर या नावाने तर अनेकांची फसगत झाली आहे. तांबे, निकेल व जस्त यांचे हे मिश्रण. त्यात चांदीचा कणही नसतो. (आपल्याकडे ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात ते आणखी वेगळे, ते ॲल्युमिनियमचे. जर्मनीच्या नावावर आपण काय काय खपविले आहे, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय होईल.) या मिश्रधातूस चकाकी दिल्यावर ती चांदीपासून नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाही. परंतु चांदीइतकी उष्णता वाहून नेणारी दुसरी धातू नाही आणि जर्मन सिल्व्हर या बाबतीत अगदी मंद आहे. दोन नाण्यांवर बर्फाचे सारखे खडे ठेवले, तर चांदीवरचा खडा पाहता पाहता वितळू लागतो, दुसऱ्यावरचा रेंगाळतो. परीक्षा करमणुकीची आहे, मुलांना दाखवावी. पण तांबे या गुणात चांदीच्या पाठोपाठच आहे. तेव्हा तांब्याच्या नाण्यावर चांदीचा मुलामा दिला असेल, तर बर्फ बिचारा खोटी साक्ष देईल.

आवाजाविषयी आपली भाषाच बोलते. ‘खणखणीत’, ‘बंदा रुपया’, ‘वाजवून घेणे’ हे शब्द गादीवर बसून दगडावर रुपया आपटणाऱ्या व्यापाऱ्यांनी घडविले. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने कडेस हलकेच टिचकी मारावी. चांदीचे नाणे उंच स्वरात व बराच वेळ वाजते. शिशाचे नाणे ‘बद्द’ करून थांबते. मात्र नाण्यास बारीक चीर असेल अथवा कडी जोडलेली असेल, तर अस्सल चांदीही मुकी होते. दगडावर आपटण्याची जुनी पद्धत आता सोडावी. नाण्याच्या कडेस पोचा आला, की संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल उतरते.

खरी भरवशाची परीक्षा वजनाची व पाण्याची. तिच्यासाठी एक ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा लहान वजनकाटा पुरे. आपल्यापैकी ज्यांचा सोन्याचांदीचा व्यापार आहे, त्यांच्या गल्ल्यावर तो असतोच. प्रथम नाणे कोरडे मोजावे. नंतर काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळास व बाजूस टेकणार नाही, असे हातात अधांतरी धरावे. नाण्यास चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून घालवावेत. आता काटा जो आकडा दाखवील, तेवढे ग्रॅम पाणी नाण्याने बाजूस सारले. कोरड्या वजनास या आकड्याने भागले, की धातूची घनता मिळाली. शाळेत आर्किमिडीजची गोष्ट सर्वांनीच वाचली. ती गल्ल्यावर उपयोगी पडते, हे कोणी सांगितले नाही एवढेच.

शुद्ध चांदीची घनता १०.४९. थालरमध्ये सहा भागांत पाच भाग चांदी व एक भाग तांबे असते, म्हणून त्याची सुमारे १०.२ येते. राणी छाप रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, त्याची १०.३ च्या थोडी वर. जर्मन सिल्व्हर साडेआठ ते पावणेनऊच्या घरात, तांबे ८.९६, निकेल ८.९. अंतर इतके स्पष्ट आहे की, थोडा हात हलला तरी निकाल बदलत नाही. थालरचे नियत वजन २८.०७ ग्रॅम, चांदीचे असल्यास पाण्यात काट्यावर २.७५ च्या आसपास आकडा दिसेल, जर्मन सिल्व्हरचे त्याच वजनाचे नाणे सव्वातीन ग्रॅम दाखवील. रुपयाचे नियत वजन ११.६६ ग्रॅम; त्याचा आकडा १.१३ च्या जवळ. जितके नाणे लहान तितका हात स्थिर हवा. चवली-पावलीसाठी ही रीत फारशी कामाची नाही.

या परीक्षेस चकविण्याचा एकच स्वस्त मार्ग आहे. शिसे चांदीहून जड, कथील बरेच हलके. दोहोंचे प्रमाण जुळवून चांदीइतक्याच घनतेची धातू करता येते. पण ती नखालाही मऊ लागते, कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते आणि वाजविल्यास बोलतच नाही. म्हणून पाण्याची व आवाजाची परीक्षा दोन्ही कराव्यात. दोन्हींत उतरलेले नाणे चांदीचे नाही, असे मला आजवर आढळलेले नाही.

त्या भगिनींना ही रीत फोनवर समजावून सांगितली. त्यांच्या मुलाने, तो बारावीत शास्त्र शाखेत आहे, मन लावून प्रयोग केला व आकडे कळविले. पहिले नाणे २८.०२ ग्रॅम, पाण्यात २.७५. दुसरे २७.८५ ग्रॅम, पाण्यात २.७३. भागाकार करून पाहिल्यास दोन्ही १०.२ च्या आसपास येतात. ज्या सराफाने त्यांना जर्मन सिल्व्हर ठरविले, त्याने मोडीच्या नावाखाली प्रत्येकी सुमारे सव्वातेवीस ग्रॅम शुद्ध चांदी नाममात्र भावाने घेतली असती. कडी लावलेले तिसरे नाणे मात्र कडीसकट २४.६० ग्रॅमच भरले आणि पाण्यात त्याने २.८५ दाखविले. घनता ८.६३. झिजेमुळे वजन घटले म्हणावे, तर अक्षरे ठसठशीत होती. आणि चांदीचे नाणे झिजले तरी त्याची घनता बदलत नाही. म्हणजे ते पांढऱ्या धातूची नक्कल होते. अरबस्तानात व इथिओपियात हे नाणे दागिन्यात गुंफण्याची फार चाल होती. तेथील लोक महाराणीच्या पदकातील नऊ मोती मोजून पाहत व मगच नाणे घेत, असे सांगतात. नक्कल करणाऱ्याने मोती बरोबर नऊ काढले होते. कडेवर जेथे ‘न्याय आणि दया’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे उठावाने असावयास हवीत, तेथे मात्र नुसत्या वेड्यावाकड्या खुणा होत्या. खोटे नाणे करणारा दोन्ही चेहऱ्यांवर मेहनत घेतो आणि कडेस आळस करतो, हा अनुभव जुनाच आहे. म्हणून नाणे हातात घेताच मी प्रथम कड पाहतो.

दोन चांदीची नाणी दोन भावांनी एकेक घेतली. वाद आता तिसऱ्यावरून आहे. ते आजेसासूबाई गळ्यात घालीत असत, असे एका वृद्ध आत्यांनी सांगितल्यापासून दोन्ही जावांना तेच हवे आहे. त्यावर माझ्याजवळ काटा नाही.

सराफाकडे जावयाचे असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. कसोटीच्या दगडावर नाण्याची रेघ ओढून तीवर नायट्रिक आम्लात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून केलेले द्रावण टाकले, की चांदी असल्यास रक्तासारखा लाल रंग येतो. रीत खरी आहे, पण ती वरच्या थराचेच बोलते. मुलामा जाड असेल तर लाल रंग येणारच. शिवाय द्रावण थेट नाण्यावर टाकू देऊ नये, डाग कायमचा राहतो. हल्ली बहुतेक मोठ्या पेढ्यांवर क्ष-किरणांनी धातूचे प्रमाण सांगणारे यंत्र असते. अर्ध्या मिनिटात टक्केवारी छापून मिळते, नाण्यास इजा होत नाही. मात्र तेही पृष्ठभागालगतच्या पातळ थरापुरतेच पाहते. म्हणून जेथे झीज अधिक, अशा उंच भागावर, गालावर, नाकावर आणि कडेवर, अशा दोन-तीन जागी मोजावयास सांगावे, व ‘चांदी आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर समाधान न मानता छापील कागद मागून घ्यावा. त्यावर चांदी ८३ व तांबे १७ च्या जवळपास असेल, तर तो थालर ठीक. दोन जागांचे आकडे परस्परांपासून फार दूर असतील, तर मुलाम्याचा संशय घ्यावा.

येथे एक खाच आहे. कागदावर निकेल व जस्त दिसले की सराफ झटकन ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात. परंतु १९४० पासून १९४५ पर्यंतच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के असेच सरकारने ठरविले होते. युद्धकाळात चांदी दुर्मिळ झाली, जुने रुपये लोक दडवून ठेवू लागले, त्यावरचा तो तोडगा. या रुपयाची कड मध्यभागी खोबणीची आहे, तीवरून तो ओळखता येतो. त्यात शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम; राणी छाप रुपयात १०.६९ ग्रॅम. दोन्ही वजनाला एकच तोळा, दोन्ही दिसावयास पांढरे. म्हणून वाटणीच्या वेळी ‘चांदीचे रुपये पन्नास’ असे नुसत्या संख्येने लिहू नये. सालवार वेगळे करून लिहावे, नाहीतर एका वारसास दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मीच चांदी जाते आणि कागदावर वाटणी सारखी दिसते. मी बँकेत असताना असे वाटणीपत्र प्रत्यक्ष पाहिले आहे.

चिंच, रांगोळी, दंतमंजन यांनी नाणी घासून लखलखीत करण्याची आपल्या घरांतील दिवाळीची सवय मात्र बंद व्हावी. चांदीवर येणारा काळसर रंग हवेतील गंधकामुळे येतो. तो चांदीचा दोष नव्हे, उलट एका अर्थी ओळखच. घासण्याने दर वर्षी थोडी चांदी जाते, नक्षी बुजते आणि संग्राहक अशा नाण्यास चांदीच्या भावापलीकडे काही देत नाही.

आता ज्या कारणाने मला हा लेख लिहिणे अगत्याचे वाटले, ते. तालुक्याच्या गावी एका धान्याच्या अडत्याकडे मजुरासारखा दिसणारा एक इसम आला. ‘पाया खणताना हंडा लागला, कोणाला सांगू नका,’ असे म्हणून त्याने एक राणी छाप रुपया काढून दिला. अडत्याने तो सराफाकडे तपासून आणला, खरा निघाला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन तपासले, तेही खरे. तिसऱ्या दिवशी रात्री, एका शेतात, घाईघाईने, दोन लाख रुपये मोजून त्याने पिशवीभर नाणी घेतली. सकाळी पाहतो तो सर्व मुलाम्याची. ही युक्ती राज्यभर ठिकठिकाणी चालते आणि तिची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. नमुना नेहमी खरा असतो. पारख होते ती नमुन्याची, पैसे जातात ते पिशवीचे. आपण माल घेताना पोत्यात मध्यभागी बंबू घालून धान्य काढून पाहतो. तोच माणूस रुपयांच्या पिशवीत हात घालीत नाही, कारण त्याला घाई करण्यात आलेली असते.

अडत्या पोलिसांत गेला नाही. का गेला नाही, हेच त्या युक्तीचे खरे बळ. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. ते रात्री शेतात विकत घेणारा माणूस तक्रार देताना स्वतःचीही अडचण लिहून देत असतो. ठगास हे पक्के ठाऊक असते. म्हणून हंड्याची कथा ऐकताच, पुढे केलेले नाणे पारखण्याचेही कारण नाही. ते खरेच असणार.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे १८१८ साल व ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रजी नाव असलेली, रामपंचायतन अथवा मारुती कोरलेली ‘आणा’ किंवा ‘अर्धा आणा’ म्हणविणारी नाणी. कंपनीने मद्रासेकडे देवाची आकृती असलेले होन पाडले होते, हे सत्य आहे, आणि म्हणून ‘कंपनी देव छापीत नसे’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. पण मुंबई-बंगालकडील कंपनीच्या त्या काळातील रुपयांवर फारसी मजकूर व बादशहा शाह आलमचे नाव असे. सर्व इलाख्यांना एकच इंग्रजी मुद्रेचा रुपया १८३५ पासून मिळाला. ही रामपंचायतनाची बिल्लेवजा नाणी कोणत्याही टाकसाळीची नव्हेत. त्यांना कोट्यवधींची किंमत देऊ करणाऱ्या जाहिराती येतात, आणि व्यवहार ठरल्यावर नोंदणी, कर, कमिशन अशा नावांनी आधी आपल्याचकडून पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्धिपत्रक काढून स्पष्ट केले आहे की, असल्या व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही, ती त्यावर कसलेही शुल्क घेत नाही आणि तसा अधिकारही तिने कोणास दिलेला नाही. पत्रकातील ही तीन विधाने घरातील तरुणांना जरूर वाचून दाखवावीत. जाहिरातींना बळी पडणारे हल्ली वृद्ध कमी व पदवीधर अधिक असतात.

परदेशी असलेल्या मुलामुलींना अशी नाणी आठवण म्हणून देण्याची इच्छा अनेकांना होते, त्यांच्यासाठी एक सूचना. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते व ते खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. राणी छाप रुपये तर सर्वच त्यात आले. आपला थालर मुंबईत १९४० मध्ये पाडलेला असला, तरी विमानतळावरील अधिकाऱ्यास त्यावर दिसणार आहे ते १७८० हेच साल, आणि महाराणीच्या मृत्यूनंतर तिची नाणी कोणकोणत्या टाकसाळींनी पाडली, हा इतिहास त्याला रांगेत उभे राहून सांगणे सोयीचे नाही. वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून मिळते. ते प्रवासाच्या पुरेसे आधी मागावे, आणि मिळाले नाही तर नाणे डब्यातच राहू द्यावे.